फोनवरच्या फ्रेंचसाठी आधी काय पाठ करावं

भाऊ, चोपड्याहून तुम्ही विचारलंय की फ्रेंचची ए-टू (सुरुवातीची दुसरी पातळी) पूर्ण झालीय, समोरासमोर निभतं, पण सप्टेंबरात फ्रान्समधल्या ल्योंला पोचल्यावर वर्गातल्या मुलांचे फोन आले तर बोलायचं कसं. अडचण खरी आहे. फोनवर ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत आणि समोरचा पुस्तकातलं फ्रेंच बोलत नाही. शाळेत 'आहे' आणि घरी अहिराणीत 'शे', तेवढा फरक धरूनच चाला.

पुस्तकात 'ज न से पा', मला माहीत नाही. बोलण्यात 'न' गळतो आणि एका दमात 'शे पा' येतं. 'त्यु आ'चं (तुझ्याकडे आहे) 'ता' होतं, 'त्यु ए'चं (तू आहेस) 'ते'. 'ता ला बानान' म्हणजे आज मजेत आहेस! शब्दशः 'तुझ्याकडे केळं आहे'. रावेर-यावलच्या बाजूच्या माणसाला हे एकदा ऐकून पुरतं. ('ज न से पा'मधला 'ज' टेलिव्हिजनमधला, जळगावातला नव्हे. 'त्यु' म्हणताना जीभ 'ई'ला ठेवा, ओठ 'ऊ'चे करा.)

'न' गळल्यामुळे खरा घोटाळा होतो तो 'प्ल्यु' या शब्दात. 'जे प्ल्यु द बात्री' म्हणजे बॅटरी संपली. तिथेच शेवटी स वाजवून 'प्ल्युस' म्हणालात तर अर्थ उलटा, बॅटरी जास्त आहे. लिहिताना दोन्ही सारखेच. निरोपाच्या 'आ प्ल्युस'मध्ये मात्र स वाजतोच.

सुरुवात ठरलेली असते. उचलणारा 'आलो?' म्हणतो. फोन करणाऱ्याने लगेच नाव सांगायचं: 'साल्यु, से सागर. सा व्हा? ज त देरांज पा?' म्हणजे कामात तर नाहीस ना. उत्तर येतं 'नों नों, व्हा-झी', बोल. 'जेवण झालं का' हे आपलं पहिलं वाक्य इथे टाळा. ऐकणाऱ्याला वाटू शकतं की जेवायला बोलावताय. अनोळखी माणूस किंवा ऑफिस असेल तर 'त्यु' (तू) नाही, 'व्हू' (तुम्ही). तिकडून 'न किते पा' आलं तर फोन ठेवू नका, थांबायला सांगताहेत.

आवाज तुटला तर तीन वाक्यं पुरतात: 'ज तांतां माल', नीट ऐकू येत नाही, 'सा कुप', मध्येच कट होतंय, 'ज त रापेल', मी परत करतो. कळलं नाही तर 'वी, वी' (हो, हो) करत राहू नका, नाहीतर भेटीची वेळ आणि जागा दोन्ही चुकतात. सरळ म्हणा, 'आतां, त्यु प रेपेते?', थांब, पुन्हा सांगशील का?

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांना द्या. फ्रान्समधला नंबर १० आकडी, २-२ च्या ५ जोड्यांनी सांगतात. मोबाइल ०६ किंवा ०७ ने सुरू होतो. ७८ ला म्हणतात 'स्वासांत-दीझ-वीत', म्हणजे ६० आणि १८. कानावर ६० पडताच हात ६० लिहून मोकळा होतो, मग १८ येतो आणि पुढच्या सगळ्या जोड्या सरकतात. ९१ म्हणजे 'कात्र-व्हॅं-ओंझ', आपली जुनी माणसं विसांनी मोजत तसं, चार विसा आणि अकरा. म्हणून 'स्वासांत' किंवा 'कात्र-व्हॅं' ऐकलं की पेन उचलून धरा, पुढचा शब्द येऊ द्या. रोज ६० ते ९९ मधल्या २० जोड्या कागदावर न बघता बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी लावून लिहा. वेग कळला की मग एखाद्या फ्रेंच माणसाकडून तशाच रेकॉर्ड करून घ्या. स्वतःचा आवाज फार सोपा वाटतो.

दिवस मोजणं मात्र आपल्याला आयतं येतं. 'दां वी झूर' आठ दिवसांनी म्हणजे आठवड्याने, 'दां कॅंझ झूर' पंधरा दिवसांनी म्हणजे दोन आठवड्यांनी.

फोन संपवताना 'बों, आले' ऐकू आलं की समोरच्याला निघायचंय. नवीन विषय काढू नका. 'ज त लेस', ठेवतो मग. जवळच्यांत 'बिझ', नाहीतर 'आ प्ल्युस'. 'आ तुतालर' फक्त त्याच दिवशी पुन्हा भेटायचं असेल तरच. संध्याकाळी 'बोन स्वारे'. 'बोन न्युई' समोरचा झोपायला निघाला असेल तेव्हाच.