बाटली सोडण्याआधी

प्रिय डॉक्टरीणबाई,

पत्र मिळालं. रक्तस्राव किरकोळ, तरी ऑपरेशन चालू असतानाच हिमोग्लोबिन का उतरलं, असं विचारतेस. यात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय.

गडचिरोलीकडची गोष्ट. पिशवीचं ऑपरेशन, धानकापणीला जाणारी बाई, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन ९.५. भुलेचं औषध प्रोपोफॉल दिलं आणि वरचं बीपी ७० वर आलं. घाबरून मी रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या धो धो सोडल्या. रिपोर्ट आला, ७.६. सिस्टर म्हणाल्या, "सर, रगत तं कुठं सांडलंच नाही जी!" सर्जन पोटात रक्त शोधत बसले, नवरा रक्ताच्या पिशवीसाठी जिल्ह्याला पळाला. रात्री बाईला भरपूर लघवी झाली, सकाळी हिमोग्लोबिन ९.

हिशेब साधा होता, मी केला नव्हता. किलोला ७० मिली धरलं तर तिचं रक्त ३१५० मिली. दीड लिटरातलं ८०० मिली वाहिन्यांत राहिलं, तरी ९.५ चं ७.६ होतं.

पण एवढं राहिलं कसं? आपल्याकडची विहीर आठव. उपसा होऊन पातळी खाली गेली की झरे आत वाहू लागतात. भुलेत बीपी पडलं की केशवाहिन्यांतला दाबही पडतो. बाहेर पाझरणारं पाणी थांबतं, उलट ऊतींतलं थोडं आत येतं. त्यात भुलेखाली मूत्रपिंडंही हात आखडतात. म्हणजे बीपी खाली असताना सोडलेली बाटली रक्त जास्तच पातळ करते. बीपी सावरलं की पाणी पुन्हा बाहेर पाझरतं, लघवी सुटते.

तेव्हा प्रोपोफॉलनंतर पडलेलं बीपी बहुधा वाहिन्या सैल पडल्यामुळे असतं, पाण्याच्या तुटवड्यामुळे नव्हे. भुलेची मात्रा जास्त झाली का बघ, मग बीपी चढवणारं मेफेंटरमाइन ३ ते ६ मिलिग्रॅम दे. सरासरी दाब ६५ च्या खाली रेंगाळू देऊ नकोस. रक्त खरंच वाहत असेल तर मात्र हे औषध म्हणजे नुसती झाकपाक. तिथे आधी सर्जनला थांबव.

आणि आपल्या बाया आदल्या रात्रीपासून कोरड्या असतात, हेही खरं. पहिली बाटली त्यांची हक्काचीच. त्यापेक्षा ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ दे, असं वॉर्डात बजावून ठेव. कुणी ऐकत नाही, तरी बजाव.

नमुना सलाईनच्या हातातून घेतला नव्हतास ना? पुढच्या पत्रात त्या वेळचं बीपी आणि लघवीचा आकडाही लिही. नुसत्या हिमोग्लोबिनवरून मला इथून काही सांगता येत नाही.

तुझा,
सर