आजोबांचा जीवनवृत्तांत लिहिताना

लाडक्या लेकी,

आजोबांच्या पहिल्या स्मरणदिनाच्या भक्तीत, म्हणजे प्रार्थनासभेत, जीवनवृत्तांत तू वाचणार आहेस. त्यात काय लिहायचं, आणि इथल्या चर्चमध्ये ऑर्गन असताना भुसावळला ढोलकी-झांजा का, असं तू विचारलंस. फोनवर घाईत सांगायची गोष्ट नाही ही, म्हणून लिहितो.

आधी वेळेचं. प्रार्थना, एक गीत आणि शास्त्रवाचन झालं की जीवनवृत्तांत येतो, त्यानंतर पाळकसाहेबांचा संदेश. तुला पाच मिनिटं मिळतील. सावकाश, मोठ्यानं वाचलं की मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणून पाचशेच्या वर जाऊ नकोस. बहुतेकांचं इथेच चुकतं. जन्म, शिक्षण, नोकरी, बढती, निवृत्ती यातच चार मिनिटं जातात आणि माणूस शेवटी ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ म्हणून उरकला जातो. हे दोन शब्द कुणाच्याही वृत्तांतात बसतात, म्हणूनच ते आजोबांच्या वृत्तांतात नकोत. जन्म, लग्न, रेल्वे यार्डातली नोकरी, सगळं चार ओळींत बसव. तारखा आजीला विचार आणि कबरीच्या दगडाशी ताडून घे. बाप्तिस्म्याची तारीख मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरात सापडेल.

मग त्यांचं ‘उपासना संगीत’, आपलं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक, उघड. पाठीला खाकी कापडाची पट्टी शिवलेलं ते पुस्तक आजीच्या कपाटात आहे. जवळजवळ प्रत्येक गीताच्या डोक्यावर पेन्सिलीनं ‘का 1’, ‘पां 2’ असं लिहिलेलं दिसेल. का 1 म्हणजे पेटीची काळी एक, पां 2 म्हणजे पांढरी दोन. पुरुष, बायका, मुलं सगळ्यांनी मिळून गायचं तर पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, नेमकी धरावी लागते. ध्रुपद खालच्या सुरात असतं, म्हणून नवखा गायक पट्टी वर चढवतो. अंतरा तार सप्तकात गेला की मंडळीचे आवाज फाटतात आणि तिसऱ्या कडव्याला एकटा गायकच उरतो. आजोबा आधी अंतऱ्यातला सगळ्यात उंच सूर पेटीवर हळूच दाबून पाहायचे, तो बायकांना आणि म्हाताऱ्यांना झेपेल असा असला की मगच पट्टी ठरवायचे. गाणं सुरू करण्याआधी अहिराणीत विचारायचे, “बठा उनात का?” सगळे आले का? ध्रुपद दोनदा घ्यायचे, पहिल्यांदा एकटे, दुसऱ्यांदा सगळ्यांबरोबर, म्हणजे उशिरा आलेल्यालाही चाल सापडते. ढोलकी पळायला लागली की ढोलकीवाल्याकडे न पाहता नुसता झांजेचा ठेका किंचित जड करायचे. चारचौघांत कुणाला टोकलेलं त्यांना आवडत नसे.

आता ढोलकीबद्दल. ती परक्याकडून उसनी आणलेली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत गायली. आपल्या माणसाला प्रार्थना ज्या चालीत तोंडी येते, त्या चालीत ती म्हणावी, एवढीच ती गोष्ट. ऑर्गन मोठ्या इमारतीत शोभतो. ओट्यावर, मांडवात, कबरस्तानात ढोलकी काखेत मारून नेता येते. तिची खोड मात्र ध्यानात ठेव: भुसावळच्या उन्हात कातडं ताणून सूर चढतो, पावसाळ्यात सैल पडतो, म्हणून भक्तीच्या आधी अर्धा तास ती लावून घ्यावी लागते. पेटीही उन्हात ठेवायची नाही; भात्याच्या घड्यांचं चामडं कडक होतं, हवा गळते आणि लांब सूर मध्येच तुटतो.

घरच्या आजोबांबद्दल लिहायचं तेही याच पुस्तकात आहे, वेगळं शोधायला नको. समासात बघ: ‘थोरलीचा निकाल’, ‘ताप उतरला’, तारखेसकट. घरची प्रार्थना रोज रात्री नऊला, आणि गीत निवडायचं घरातल्या सगळ्यात धाकट्यानं. रात्रपाळी असली की तीच प्रार्थना डबा भरायच्या आधी, संध्याकाळी. चुकवली नाही कधी. मंडळीच्या जेवणाला वरण-बट्टी असली की कणीक तेच मळायचे: पाच किलो गव्हाच्या जाडसर पिठाला एक किलो मक्याचं, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. उंडे वाफवून पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू द्यायचे नाहीत, कारण गरम कापले की तळताना चुरा होतो. त्या अर्ध्या तासात मुलांकडून एक नवं कडवं पाठ करून घ्यायचे. हे अवश्य लिही.

वाचताना कागद मोठ्या अक्षरात असू दे, आणि आदल्या दिवशी एकदा आजीसमोर वाच. पुस्तकाच्या मध्यावर एका गीताशेजारी नुसतं ‘हिला हे आवडतं’ एवढं लिहिलंय, पट्टी पां 2. माझ्या मते तुझा वृत्तांत तिथे थांबावा आणि मंडळीनं तेच गीत उचलावं. पण ती ओळ सगळ्यांसमोर वाचू का, हे आधी आजीला विचार. नको म्हणाली तर गाळून टाक, गीत तेवढं गा.

तुझे पप्पा