फॅटी लिव्हर गोडामुळे होतं की तेलकटामुळे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' आलं, दारू कधीच घेतलेली नाही, तेल-लोणी दोन महिन्यांपासून जवळजवळ बंद केलंय. मग आता गोडही सोडायचं का, आणि यकृतातली ही चरबी मुळात येते कुठून?

गोड कमी करायलाच हवं, आणि तुमच्या बाबतीत तर आधी तेच. मी डॉक्टर नाही, अठरा वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवते आहे. औषधं आणि तपासण्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण हा विषय माझ्यासाठी वर्गापुरता राहिलेला नाही. माझ्या मोठ्या भावाला हेच निदान झालं होतं. 'यकृतात चरबी झालीय, चरबी खाणं बंद करा' एवढंच त्याला सांगितलं गेलं आणि त्याने ते अक्षरशः पाळलं. तळलेलं सोडलं, शेंगदाणे आणि बदामही सोडले. भूक लागली की फळांचा रस, चहात साखरेऐवजी मध, रात्री 'लो फॅट' लिहिलेलं गोड दही. आठ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तर ग्रेड १ चं ग्रेड २ झालेलं. इतकं मन मारून हे हाती आलं, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. तुम्ही त्याच वाटेवर आहात असं वाटलं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी चरबी येते कुठून ते पाहू. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या रुग्णांना काही दिवस खूण केलेले अणू असलेलं अन्न आणि द्रावणं दिली, आणि नंतर यकृताचा तुकडा तपासून कुठली चरबी कुठल्या वाटेने आली ते मोजलं. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरात आधीच साठलेल्या चरबीतून रक्तावाटे आली होती. २६ टक्के यकृताने स्वतः, मुख्यतः कर्बोदकांपासून, नव्याने तयार केली होती. ताटातल्या चरबीतून थेट आलेली होती फक्त १५ टक्के. रुग्ण मोजकेच होते, तरी या आकड्यांनी विचार करण्याची दिशा बदलली.

यावरून तेल-लोण्याला मोकळं रान मिळालं असं मात्र समजू नका. त्या ५९ टक्क्यांमागेही कधीतरी जास्त झालेलं खाणंच असतं, मग ते गोड असो वा स्निग्ध. इन्सुलिन नीट काम करत असलं की पोटाच्या घेरातली चरबी जागच्या जागी राहते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ती रक्तात पाझरत राहते आणि रक्तातून यकृतात जाते. म्हणून वजन आणि कंबर यांचा मुद्दा टाळता येत नाही. त्याकडे पुढे येते.

मला थांबावंसं वाटतं ते त्या २६ टक्क्यांपाशी. निरोगी माणसात उपाशीपोटी हा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असतो. तो इतका का वाढतो?

साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. मधातही दोन्ही जवळपास तेवढेच असतात, त्यामुळे साखरेऐवजी मध घेतल्याने यकृताला फारसा फरक पडत नाही. ग्लुकोज मेंदू, स्नायू, सगळेच वापरतात. यकृतातही त्याच्या वाटेवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेझ नावाचा एक दरवाजा आहे. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तो बंद होतो. फ्रुक्टोज या दरवाजाने जातच नाही. त्याच्यासाठी वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, फ्रुक्टोकायनेझ, आणि 'आता पुरे' असं सांगणारं त्याला कुणी नाही. जितकं फ्रुक्टोज येईल तितकं ते आत घेतं, आणि पुढे त्यातून चरबीसाठी लागणारा कच्चा माल तयार होतो. शिवाय चरबी बनायला लागली की वाटेत मॅलोनिल-कोए नावाचं एक संयुग साचतं, आणि ते चरबी जाळण्याची वाट अडवतं. म्हणजे नवी चरबी तर बनतेच, वर जुनी जाळणंही मंदावतं.

यातून तयार होतं ते मुख्यतः पामिटिक आम्ल, म्हणजे पाम तेलात भरपूर असतं तेच संपृक्त, सॅच्युरेटेड मेदाम्ल. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते, कारण नुसतं ऐकून ते पटत नाही. लोणी टाळून ग्लासभर रस पिणाऱ्याला वाटतं की आपण संपृक्त चरबीपासून दूर आहोत. ती त्याच्या यकृतात बनत असते.

गंमत म्हणजे हे माणसाला फार पूर्वीपासून व्यवहारात ठाऊक होतं. रोमन लोक हंसांचं यकृत चरबीदार व्हावं म्हणून त्यांना लोणी नव्हे, अंजिरं चारत. त्या पदार्थाला लॅटिनमध्ये अंजिरावरूनच 'फिकाटुम' हा शब्द पडला, आणि इटालियनमधला 'फेगातो', स्पॅनिशमधला 'इगादो', फ्रेंचमधला 'फ्वा' हे यकृताचे आजचे शब्द त्यातूनच आले. आजही त्यासाठी बदकांना भरवतात तो मुख्यतः मका.

माणसांवरचे दोन प्रयोग सांगते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी स्थूल मुलांच्या आहारातली साखर नऊ दिवस खूप कमी केली. तिच्या जागी पिष्टमय पदार्थ दिले, एकूण उष्मांक तेवढेच ठेवले आणि वजन उतरू नये याचीही काळजी घेतली. यकृतातल्या चरबीचं मधलं मूल्य ७.२ टक्क्यांवरून ३.८ वर आलं, तेही नऊ दिवसांत. दुसरा प्रयोग २०१९ सालचा, फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरवयीन मुलांवरचा. अर्ध्या मुलांच्या घरात सगळ्या कुटुंबाचंच जेवण बदललं आणि वरून घातलेली साखर उष्मांकांच्या तीन टक्क्यांखाली आणली. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्यांची २१ वरून जेमतेम २० झाली. एकट्याचं ताट वेगळं करण्यापेक्षा घरातलं सगळ्यांचंच गोड कमी करणं सोपं जातं, हे मला या प्रयोगाकडून घ्यावंसं वाटतं.

आता चरबीची बाजू. फिनलंडमध्ये ३८ वजनदार माणसांना तीन आठवडे रोज १००० उष्मांक जास्तीचे खाऊ घातले. ज्यांना ते संपृक्त चरबीतून मिळाले, त्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली. साध्या साखरेतून मिळाले त्यांची ३३ टक्क्यांनी, आणि असंपृक्त चरबीतून मिळाले त्यांची १५ टक्क्यांनी. मी गोडावर एवढा जोर देते, तरी हे आकडे लपवणार नाही: लोणी, पाम तेल, खोबरेल तेल, चरबीदार मांस यांचा अतिरेक यकृताला साखरेहूनही जड जाऊ शकतो. स्वीडनमध्ये तरुणांना सात आठवडे जास्तीचे मफिन खायला दिले होते, काहींना पाम तेलातले, काहींना सूर्यफुलाच्या तेलातले. वजन दोन्ही गटांत सारखंच वाढलं, पण यकृतात चरबी साठली ती प्रामुख्याने पाम तेलवाल्यांच्या.

मग मी 'आधी गोड' का म्हणते? लोणी तुम्ही आधीच सोडलंय. आणि साखर, विशेषतः प्यायलेली, मोजली जात नाही. पेयाने पोट भरत नाही, त्यामुळे पुढचं जेवणही तेवढंच होतं. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवा असं सांगते. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका कॅनमध्येच ही मर्यादा ओलांडली जाते. रस हा या हिशेबात पेयच आहे. अख्खं फळ मात्र खुशाल खा. ते चावावं लागतं, त्यात तंतू असतात, साखर हळूहळू येते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की थोड्या प्रमाणातलं फ्रुक्टोज लहान आतडंच हाताळतं, एकदम मोठा लोंढा आला की ते यकृताकडे जातं.

तुम्ही बंद केलेल्या गोष्टींतल्या काही परत आणा असं माझं मत आहे: मूठभर शेंगदाणे, बदाम किंवा अक्रोड, खात असाल तर मासे, आणि स्वयंपाकापुरतं सूर्यफुलासारखं असंपृक्त तेल. चरबी पूर्ण काढून टाकली की माणूस भुकेला राहतो आणि ती भूक बहुतेक वेळा मैदा आणि साखरेने भागते. माझ्या भावाचं तेच झालं. साखर न घातलेली कॉफी आवडत असेल तर ती सोडू नका. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे व्रण, म्हणजे फायब्रोसिस, कमी आढळतात.

वजन जास्त असेल तर सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही उतरायला लागते. ८० किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले. पण उपासमार करून झपाट्याने उतरवू नका. साठलेली चरबी एकदम सुटली तर तिचा लोंढा यकृताकडेच जातो. वजन बेताचं असूनही फॅटी लिव्हर झालेली माणसं असतात, त्यांच्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा असू शकतो. साखर आणि संपृक्त चरबीचं गणित त्यांनाही तेच.

सोनोग्राफीतल्या 'ग्रेड'वर फार विसंबू नका. तो डोळ्यांनी केलेला अंदाज असतो, आणि चरबी थोडी असेल तर ती सोनोग्राफीत दिसतही नाही. चरबीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे यकृतात व्रण पडायला लागलेत का. पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'फिब-४ किती येतं?' असं विचारा. वय, एएसटी आणि एएलटी (रक्तात मोजतात ती यकृताची दोन विकरं) आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ते काढतात, वेगळी सुई टोचावी लागत नाही. ते १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. भावाचं हे गणित पहिल्याच वर्षी करता आलं असतं, त्याच्या फायलीत चारही आकडे होते.