सर्व्हेचे प्रश्न बायस्ड होऊ नयेत म्हणून ते कसे लिहावेत?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या मास्टर्सच्या) प्रोजेक्टला बचत गटातल्या बायकांचा सर्व्हे करायचाय आणि गाईडनी 'प्रश्न बायस्ड आहेत', म्हणजे उत्तर एका बाजूला ढकलतात, एवढंच खरडून कागद परत दिला. तुमचा पहिलाच प्रश्न बघा, "बचत गटामुळे तुमचं उत्पन्न आणि आत्मविश्वास वाढला का?" अहो हे दोन प्रश्न झाले, जिचे पैसे वाढले नाहीत पण ती आता बँकेत एकटी जाते तिने काय सांगायचं? वर 'गटामुळे वाढला' हे तुम्हीच ठरवून टाकलंय. आणि शेजारी गटाची अध्यक्ष बसलेली असेल तर सगळ्याच हो म्हणणार, त्यामुळे आधी अध्यक्षबाईंना चहा करायला पाठवा :)

मी काही वर्षं फॉर्म घेऊन गावोगाव फिरलोय. "तुम्ही काम करता का?" याच्याइतका सोपा प्रश्न नाही असं वाटायचं. बाई म्हणते "नाही ओ, घरीच असते", आणि मागे दोन म्हशी बांधलेल्या, पहाटे धार काढून डेअरीला दूध घालून आलेली असते. तिच्या लेखी काम म्हणजे नोकरी नाहीतर रोजाने जाणं. आपण 'गृहिणी'वर टिक करून पुढच्या घरी. नंतर मी तो शब्दच सोडला, काल उठल्यापासून काय काय केलं, धार कोण काढतं, खुरपायला गेला होतात का, दुधाचे पैसे कोणाच्या खात्यावर येतात असं विचारायला लागलो. वेळ दुप्पट जातो पण निदान खरं कळतं.

नकारार्थी प्रश्न तर अजिबात नको. "सावकाराकडून पैसे घेतले नाहीत ना?" "हो." आता हे हो म्हणजे घेतले की नाही घेतले? १९९२ साली अमेरिकेत रोपर संस्थेच्या पोलमध्ये, नाझींनी ज्यूंचा संहार केलाच नाही हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य, असा काहीसा प्रश्न होता आणि २२ टक्के लोक 'शक्य' म्हणाले, केवढी खळबळ उडाली. १९९४ ला वाक्य सरळ करून परत विचारलं तर १ टक्का राहिले. एवढा फरक नुसत्या वाक्याचा.

दिवसांचं पण तसंच. आपल्याकडे 'आठ दिवस' म्हणजे आठवडा, म्हणजे सातच. मी बाजारावरून विचारायचो, "मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत किराणा कितीचा?" तारीख कोणाला आठवत नाही, बाजार आठवतो. हे फालतू वाटेल, पण १९९९-२००० च्या एनएसएसमध्ये (सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात) खाण्याचा खर्च त्याच घराला ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचाही विचारला होता, लोकांनी एक आकडा दुसऱ्याशी जुळवून सांगितला असणार अशी शंका निघाली, आणि गरिबी ३६ वरून २६.१ टक्क्यांवर आली हे खरं की प्रश्नाचा खेळ यावर अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं भांडत होते.

तुमच्या सातव्या प्रश्नात 'मासिक उत्पन्न' आहे ते काढाच. शेतकऱ्याच्या घरात महिन्याला कुठे पगार येतो? सोयाबीन किती क्विंटल झालं, काय भावाने गेलं, हे विचारा, बेरीज तुम्ही घरी करा.

'सक्षमीकरण' हा शब्द पण एकाही प्रश्नात नको, तो रिपोर्टात लिहा.

छापायच्या आधी पाचसहा बायकांना प्रश्न वाचून दाखवा, पण "समजलं का?" विचारू नका, समजलंच म्हणतील. "मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा" म्हणा, आणि त्या जे वाक्य बोलतील तेच बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं असतं, मी तर सरळ तेच फॉर्मवर उतरवून घ्यायचो.