मुक्तिदिन सैनिकांचा की सत्याग्रहींचा?

प्रश्न : माझे सासरे माजी सैनिक आहेत. दरवर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, सकाळी ते पात्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर झेंडूची फुले वाहून येतात. यंदा सोबत गेलेल्या नातवाने विचारले, की ही सुट्टी सैनिकांची की सत्याग्रहींची, आणि तीन दिवस आधीचा ‘विजय दिवस’ वेगळा कसा? घरात कोणालाच नीट सांगता आले नाही.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा आहे. १६ डिसेंबर हा १९७१ मध्ये ढाक्याला झालेल्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीचा दिवस, तर आपला मुक्तिदिन १९६१ चा. घोळ होतो तो नावामुळे, कारण गोव्यातील कारवाईचे नाव ‘ऑपरेशन विजय’ होते आणि १९९९ मध्ये कारगिलसाठीही तेच नाव वापरले गेले.

सैन्य गोव्यात शिरले ते १८ डिसेंबरला. पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले होते, तरी त्याच संध्याकाळी एक तुकडी पणजीसमोर बेतीला येऊन पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी ओलांडून शहरात उतरली. अखेरपर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी मानला नाही आणि १९ तारखेच्या रात्री साडेआठला शरणागतीवर सही केली. सुट्टी आहे ती या सहीच्या दिवसाची. त्यासोबत सांगितली जाणारी पोर्तुगीज राजवटीची ‘४५१ वर्षे’ १५१० पासून मोजलेली आहेत. आपले पेडणे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या ताब्यात गेले, हे पेडणेकरांनी तरी विसरू नये.

आता नातवाचा मुख्य प्रश्न. पात्रादेवीचे स्मारक १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबाराची आठवण आहे, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची फुले एका सैनिकाने सत्याग्रहींना वाहिलेली असतात. उलट दिशेने मात्र फारसे कोणी जात नाही. १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेचा आणि राममनोहर लोहियांचा उल्लेख भाषणांत होतो, तो योग्यच आहे. पण अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण कामी आले, हे क्वचितच ऐकू येते. बेट गोव्याचे असले तरी ते कारवारच्या किनाऱ्यासमोर आहे, म्हणून आपली नजर तिथवर पोहोचत नसावी.

हे दोन धागे एकत्र येतात ते आग्वादला. किल्ल्यावरील तुरुंगात राजबंदी डांबलेले होते, त्यांना सोडवायला गेलेल्या तुकडीवर गोळीबार झाला आणि त्यात मेजर शिवदेवसिंग सिद्धू धारातीर्थी पडले. सत्याग्रहींच्या सुटकेसाठी सैनिकाने प्राण दिल्यावर सुट्टीची वाटणी करायची कशी? तो तुरुंग आता लोकांना पाहण्यासाठी खुला आहे. पुढच्या १९ डिसेंबरला पात्रादेवीहून परतताना आजोबांनी नातवाला तिकडे न्यावे, आणि थोडी फुले शिल्लक ठेवावीत.