आधी चाचणी, मग अनुदान?

प्रश्न : आमच्या वाडीतला एक जण निराधार योजनेचे पैसे जमा झाले की थेट गुत्त्यावर. अमेरिकेत म्हणे अर्जदाराची आधी नशेची चाचणी घेतात. इथे का नको? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : भाऊ, फ्लोरिडाने २०११ मध्ये हे करून पाहिलं. चार हजारांवर अर्जदार तपासले, नापास १०८. पास झालेल्यांचा खर्च सरकारनेच परत केला. वर २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही कायदा घटनाबाह्य ठरवला.

मी तहसील कचेरीत निराधारचे अर्ज घ्यायचो. नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या एसटी बदलून यायच्या, पदराच्या गाठीत रेशनकार्डाची झेरॉक्स. त्यांच्या हातात आता लघवीची बाटली द्यायची? (द्यायला तुम्ही येणार?) त्यापेक्षा गुत्तेवाल्याची तक्रार उत्पादन शुल्क खात्याकडे करा.