जावाच्या क्लासचे पैसे भरले, पण मुलीला विचारले का?

स. न. वि. वि.

आपले पत्र वाचले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली कन्या एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवर अर्धवेळ काम करते, तेथील डिस्चार्जच्या कामाचा क्रम तिने संगणकावर आकृती काढून मांडला, आणि अशा आकृत्यांची सॉफ्टवेअर साधने तांत्रिक शिक्षण नसलेल्यांना वापरता येतील अशी घडवण्याचे काम तिला करायचे आहे. आपण मात्र सीताबर्डीच्या एका क्लासमध्ये जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचे पैसे भरून मोकळे झालात. तिचे गुण मला चिंतेचे वाटले नाहीत; चिंता वाटली ती पत्रात पुन:पुन्हा येणाऱ्या ‘आम्ही ठरवले आहे’ या शब्दांची. तिचे म्हणणे एकाच वाक्यात आले आहे, तेही ‘हट्ट’ म्हणून. रोजच्या कामातली अडचण हेरून ती नीट मांडणाऱ्या मुलीला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे, आणि भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तिने वर्ष वाया घालवावे, हा हिशेब मला मुळीच पटत नाही.

‘ती टेक्निकल नाही, मग सॉफ्टवेअरमध्ये तिला कोण विचारणार?’ हा आपला प्रश्न गैरसमजातून आला आहे. कामाचा क्रम मांडण्यासाठी बीपीएमएन ही चिन्हपद्धती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते; तिची २.० आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ मानक झाली. प्रोग्रामरइतकीच ती व्यवसाय सांभाळणाऱ्यालाही समजावी, हा तिचा जाहीर हेतू होता. तो कुठे अडतो, हे आपल्या कन्येच्या खिडकीवरच पाहा. रुग्ण रोख भरणार की विम्यातून, येथे दोन मार्ग फुटतात आणि त्यांपैकी एकच चालू होतो, म्हणून तिरप्या चौकटीत फुली असते. गेटपासच्या आधी हे मार्ग जोडताना कोणी फुलीऐवजी अधिकचे चिन्ह ठेवले, तर यंत्रणा दोन्ही मार्ग पूर्ण होईपर्यंत थांबते. रोख भरणारा रुग्ण कधीच न येणाऱ्या विमा-मंजुरीसाठी अडकतो आणि गेटपास निघतच नाही. चिन्हे माऊसने ओढून ठेवता आली म्हणून ही चूक टळत नाही. ‘रोखीच्या रुग्णासाठी विमा-मंजुरी येणार नाही, त्यामुळे काम येथेच थांबेल’ असे साधनाने त्या चौकटीशेजारी साध्या मराठीत सांगावे, हे सुचण्यासाठी जावा लागत नाही. त्यासाठी खिडकीवर नातेवाइकांची बोलणी खाल्लेला माणूस लागतो.

पुढे शिकायचे तर एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी, आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा तीन वर्षांच्या पदवीवर देता येते, आणि एमबीएची सीईटी आपल्याला ठाऊकच असेल. मात्र एका आकृतीवर कोणी नोकरी देत नाही, हे तिलाही सांगावे लागेल. सुरुवात बहुधा बिझनेस ॲनालिस्टच्या, म्हणजे व्यवसायाची गरज समजून ती प्रोग्रामरपुढे मांडणाऱ्याच्या, हाताखाली होईल, आणि ती नागपुरात मिहानमधल्या कंपन्यांतच होईल असे नाही. पुण्याला पाठवण्याची तयारी आहे का, हे आपण आजच ठरवा. (ठरवताना तिला समोर बसवा.)

तोवर तिने आपली आकृती, रुग्णांची नावे काढून, खिडकीवरच्या दोन-तीन सहकाऱ्यांपुढे ठेवावी, ‘विम्याच्या रुग्णासाठी कागदपत्रांची एक पायरी वाढवा’ एवढेच सांगावे आणि मध्ये न बोलता त्यांचा हात कुठे अडखळतो ते टिपून घ्यावे. त्या टिपणांवरून सुधारलेली आकृती मला पाहायला आवडेल. सोबतचे पत्र मात्र तिने स्वतः लिहावे.